सईची धुतलेली पिशवी

३ जाने.
काल रक्त चढवलं, आज सईचे गाल गुलाबी. नुसती बघत बसले. सहा वर्षांची नात अन् तोंड साठीचं! "आजी, तू जाडी आहेस, थोडं रक्त मला दे." थॅलेसेमिया आहे, अंगात रक्त टिकत नाही. दर तीन आठवड्यांनी पिशवी. मंडईतून गाजरं आणली, हलवा केला. चिमणीएवढा खाल्ला.

२४ जाने.
पिशवी लावली अन् थोड्या वेळात पोरीच्या अंगभर गांधी. श्वास लागला. सिस्टर धावत आली, बंद केली. अहो, ही तर गाळलेली होती! आधी साध्या पिशवीनं हुडहुडी भरून ताप यायचा, म्हणून पांढऱ्या पेशी गाळून द्यायला लागले. ताप थांबला. आता हे. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं पाणी तिला बाधतं, पुढची धुऊन देऊ. रक्त धुतात म्हणे, खारट पाण्यानं. ऐकावं ते नवल.

२६ जाने.
धुतलेली दिली. एक गांध नाही. देवापुढे साखर ठेवली. मी विचारलं, "धुऊन सत्त्व जात नाही ना? तांदूळ फार धुतला तर..." सूनबाईनं डोळे वटारले. डॉक्टर म्हणाले, "आजी, थोड्या लाल पेशी जातात. तेवढं सोसायचं."

७ फेब्रु.
सोसायचं म्हणजे हे. दोन आठवडे झाले नाहीत तोच गाल उतरले. जिन्यात मध्येच बसली. उद्या परत सुई. हातावर जागा कुठे शिल्लक...

८ फेब्रु.
सईचा मामा कोथरूडहून आला, थेट बाही वर करून. "माझं घ्या. घरचं रक्त, धुवायला कशाला लागतंय?" डॉक्टर म्हणाले, घरच्यांचं तर नकोच, जवळच्या नात्यातलं तिला जास्त घातक. शिवाय पुढं घरच्याच कुणाचा बोनमॅरो, म्हणजे हाडातला मगज, घ्यायचा झाला तर अडचण. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. मग खाली रक्तपेढीत जाऊन दुसऱ्या कुणासाठी देऊन आला. तिथं मिळालेला बिस्किटपुडा सईला दिला. परक्याचं चालतं, आपलं नाही. मनाची कशी समजूत घालायची.

२१ फेब्रु.
आज परत. रक्त धुऊन यायचंय, वाट बघतोय. पोरगी मांडीवर, हलकी लागते. कानाशी लागून म्हणाली, "आजी, डॉक्टरांना सांग ना, गाळलेलीच द्या. ती जास्त दिवस पुरते. गांधी आल्या तर मी खाजवणार नाही."
मी म्हटलं, अगं श्वास लागतो.
"मग हळूहळू घेईन."
समोरून डॉक्टर येतायत. हिनं विचारायला हात वर केलाय. मी काही तो खाली घेणार नाही.