रूहीच्या मांडीवरची खूण

३ नोव्हेंबर, सोमवार

आधी एक चूक दुरुस्त करते. मार्चमध्ये मी इथेच लिहिले आहे, "सुई दिली त्याच संध्याकाळी रूहीची मांडी सुजली." हे चूक आहे. त्या संध्याकाळी मांडी चांगली होती. सूज दुसऱ्या दिवशी आली, आंघोळीनंतर.

जुने वाक्य खोडले नाही. माहेरी शाळा नाल्यापलीकडे होती म्हणून पहिली दोन वर्षे मला बानेच घरी शिकवले. चुकलेले खोडायचे नाही, खाली खरे लिहायचे, ही सवय तेव्हाची.

कसे कळले ते लिहिते. वहिनीने आज मोबाईलवर माहेरचे जुने फोटो पाठवले, बाळंतपणाला गेले होते तेव्हाचे. एकात रूही मावशीच्या मांडीवर, अंगणात. मागे दिवा लागलेला. डाव्या मांडीवर लसीच्या सुईच्या जागी कापसाचा बोळा अजून चिकटलेला. आणि दोन्ही मांड्या सारख्या! मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी देवरीच्या बसने गेली, म्हणजे फोटो त्याच संध्याकाळचा. दुसरी कोणती संध्याकाळ असूच शकत नाही. पुन्हा पाहिला. मोठा करून पाहिला. सारख्याच.

मग सूज कशाने?

मावशी गेल्यावर मायने रूहीला रोजच्यासारखे टोळीचे तेल लावले, मोहाच्या बियांचे, आमच्याकडे प्रत्येक बाळाला लावतात ते. चोळून चोळून. मग निखाऱ्यावर कापड तापवून शेक. मी बाजेवर पडून ऐकत होते. रूही रोजच्यापेक्षा फार रडली. माय म्हणाली, "सुईची गाठ आहे, चोळून मोडतो मी." त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांडी लाल, टणक. मग पू. मग चिरा.

मार्चमधले ते पान मी चिरा दिल्यावर लिहिले, तोवर सगळे दिवस डोक्यात एकमेकांत मिसळले होते.

कारण सापडले असे वाटते. नवऱ्याला, धनराजना, अजून सांगितले नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

लसीकरणाच्या सिस्टर बाई वस्तीत आल्या होत्या. मी त्यांना गाठून एका दमात सगळे सांगितले, त्या म्हणाल्या, "अगं हळू, श्वास घे."

मग म्हणाल्या, "थोडी सूज कोणालाही येते. पण सुईच्या जागी चोळायचं नाही, गरम शेक तर नाहीच नाही. त्यानं बिघडतं. तुला तिथं सांगितलं नव्हतं?"

सांगितले असेल. मला आठवत नाही, म्हणून सांगितले नाही असे म्हणणार नाही.

मी विचारले, मग पू त्यानेच झाला का? म्हणाल्या, "त्यानंच झाला असं आज छातीठोक कोण सांगणार? पण मला विचारशील तर, हो." हे दोन्ही लिहून ठेवते. नुसते "हो" लिहिले तर पुन्हा चूक होईल.

मार्चनंतर राहिलेल्या सुया आताही देता येतात म्हणाल्या, पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही! मला वाटत होते सगळे वायाच गेले. गोवराची सुईही आता द्यायची वेळ झाली आहे, उलटून चालली आहे. लसीकरणाचे पुढचे सत्र १९ ला, अंगणवाडीत.

जाताना हळूच म्हणाल्या, "नवऱ्याला नसेल सांगायचं तर नको सांगू. पुष्कळ जणी तशाच आणतात."

इथल्या नाल्यापलीकडच्या टोलीवर, त्या छोट्या वाडीवर, एका घराला कडुनिंबाची डहाळी लावली आहे. लहान पोराला माता आली म्हणतात. म्हणजे गोवर. मंगळवारी आपल्या गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा, त्या टोलीवरचे सगळे इकडेच येतील.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

धनराज (पुढे नुसते ध.) पोलिओचे थेंब पाजू देतात, सुई नाही. देवदेवस्कीचा माणूस नाही, मोबाईलवर आलेले काहीबाही खरे मानणाराही नाही. चिरा देताना डॉक्टरांनी त्यांना रूहीचे पाय धरायला लावले होते. मी बाहेर होते. ते आत होते. एवढेच कारण, आणि मी त्याला कधी लहान म्हणणार नाही.

आज जेवताना विषय काढला. काढणार नव्हते, तोंडातून निघाला.

"का झालं ते समजलं तर?"

त्यांचे मोटार वाइंडिंगचे दुकान आहे, शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरतात. प्रत्येक उत्तर तिथूनच येते. "जळालेली मोटार मी भरून देतो. पण काऊन जळाली ते समजल्याबिगर लाईन देत नाही. पाणी गेलं का, व्होल्टेज का, बेअरिंग का. नाही तर पुन्हा जळते अन् शेतकरी माह्या नावानं बोंबलते."

"अन् समजलं तर?"

"मंग देतो ना. सांग, काय समजलं?"

आणि मी "काही नाही, भात वाढू?" म्हणाले.

कारण म्हणजे माय. ध. आणि मायची फार गट्टी. तिला मामी म्हणतात, तिच्या हातचे वडे खाऊन तिचीच टिंगल करतात. ती मंडईला येणार. मी सांगितले तर तिने उंबऱ्यात पाय ठेवला की... आणि पाच लेकरे तिने त्याच तेलाने, त्याच शेकाने वाढवली.

पण कारण माहीत असून गप्प बसणे हे खोटे बोलण्यापासून किती दूर? फार दूर नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

रूही बाजेचा पाय धरून उभी राहिली!! सोडून एक क्षण. मग धप्प. रडली नाही, माझ्याकडे पाहून टाळी वाजवली. सासूबाई म्हणाल्या, "मंडईत नाचवा तिले."

डाव्या मांडीवर खूण आहे, चिऱ्याची. आज उभी असताना दिसली. मांडीबरोबर तीही मोठी होते आहे.

सिस्टर बाईंचे ते वाक्य डोक्यातून जात नाही. चोरून नेणे सोपे आहे. ध. सकाळीच दुकानात जातात. पण रात्री ताप आला तर काय सांगू? आणि एकदा चोरून नेले की पुढच्या प्रत्येक सर्दीला ते माझ्याकडे संशयाने पाहतील. चोरून नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

मायला फोन केला. ध.ना सांगायच्या आधी तिला सांगणे भाग होते, तिच्या पाठीमागे नाही.

जसे झाले तसे सांगितले. फोटो, मावशीची बस, तेल, शेक, सिस्टर बाई काय म्हणाल्या.

"म्हंजे म्या केलं?"

"माय, सुईच्या जागेवर चोळायचं नसतं, ते आपल्याला..."

"मी पाच पोरं शेकली! तुले नाही शेकलं? तुहा पाय वाकडा आहे का? शिकली सवरली अन् मायवर उलटली. कायले फोन केला मंग?"

"आम्हा पाच जणांना सुई नंतर मिळाली असेल, नाहीतर दुसऱ्या जागी..." असे काहीतरी मी म्हटले. मूर्खासारखे. वाद घालायला नको होता. फोन बंद झाला.

अर्ध्या तासाने बाचा फोन. विचारले एवढेच, लहानपणी बेरीज झाली की विचारायचे तेच, "दोनदा पाहिलं का?"

"पाहिलं बा."

"बरं. तिले जरा वेळ दे. चुलीपुढं बसून राहिली, बोलून नाही राहिली."

मायला दुखावले. तरी काल परवापेक्षा हलके वाटते. हे कसे?

११ नोव्हेंबर, मंगळवार. मंडई

आज लिहायला वेळ नाही पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सकाळपासून पाहुणे. पाळणे उभे राहिले, जिलेबीवाले आले, तिकडे दंडारीच्या नाटकवाल्यांची ढोलकी सुरू. बा आणि माय सकाळच्या बसने आले. मायने माझ्याकडे पाहिले नाही. रूहीला घेतले, मुका घेतला, फ्रॉक वर करून ती खूण पाहिली, फ्रॉक खाली केला. मी चहा ठेवायला आत पळाले.

मागच्या अंगणात ध. हात धुवत होते. माय तिथे गेली. मी खिडकीशी. सगळे ऐकले.

"जवाईबापू, एक बोलतो. हसू नका."

"मामी, तुम्ही बोलणार अन् मी हसणार नाही? मंडईत दंडार आहे का तुमची?"

"रूहीची मांडी सुईनं नाही बिघडली. म्या बिघडवली. चोळली, शेकली. दोन दिवस."

ध. हसलेच आधी. मग माय हसत नाही हे पाहून थांबले. नळ सुरूच होता. कोणीच बंद केला नाही.

"कोणं सांगितलं तुम्हाले?"

"तुमच्या बायकोनं. पयले मी तिच्यावर भडकलो. मंग रात्रभर ते पोरीचं रडणं कानात. ते गाठीचं रडणं नव्हतं, बापू. मले तेव्हाच समजाले पाहिजे होतं."

ध.नी हात पुसले. नळ बंद केला, आत आले, माझ्यासमोरून रूहीला उचलून खांद्यावर घेतले आणि मंडईत निघून गेले. दुपारपर्यंत आले नाहीत. परत आले तेव्हा रूहीच्या हातात फिरकी, तोंडाला जिलेबीचा पाक. मला म्हणाले, "उन्हात नाही नेली."

माय जेवताना त्यांना वाढत होती. त्यांनी दोनदा घेतले. तिने एकदाही आग्रह केला नाही, हे प्रथमच!

टोलीवरचे लोक आले होते का? गर्दीत कळले नाही. ती परत आल्यावर मी तिच्याकडेच पाहत राहिले, कोण तिला हात लावतो ते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी ध. म्हणाले, "फोटो दाखव."

दोन बोटांनी मोठा केला. एक मांडी, मग दुसरी. बराच वेळ. मोटारीच्या तारा पाहतात तसे, डोळे बारीक करून.

"मले त्याच दिवशी काऊन नाही सांगितलं? शुक्रवारी विचारलं ना मी."

"मायचे नाव येत होते."

"हं."

मग, "पयलीचं कारण समजलं. दुसरी जळणार नाही याची ग्यारंटी?"

मनात आले, हो म्हणून टाकावे. म्हणाले नाही. "ग्यारंटी नाही. ताप येईल, जागा दुखेल, थोडी सूजही येईल. पण गोवर झाला तर त्याचीही ग्यारंटी कोणी देत नाही."

"मी तिचे पाय पुन्हा नाही धरणार, ममता."

"नका धरू. मी धरीन."

ते उठले. दुकानाची किल्ली घरीच विसरले, परत आले, घेऊन गेले. हो म्हणाले नाहीत. पण नाही असेही म्हणाले नाहीत! मार्चपासून पहिल्यांदा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

टोलीवरच्या पोराला गोंदियाला दवाखान्यात नेले. छातीत उतरले म्हणतात. त्याचा बाप ध.च्या दुकानातला जुना गिऱ्हाईक, मोटार भरायला टाकली आहे, न्यायला आला नाही. ध.नी जेवताना एवढेच सांगितले आणि ताट अर्धे ठेवून उठले.

माय अजून इथेच आहे. रूहीला तेल तीच लावते. डावी मांडी आली की हात थांबतो, बाजूने वळतो. मी म्हटले, "आता तिथे लावलेस तरी चालते, जुनी खूण आहे ती."

"चालते ते मले माहीत आहे. हात नाही चालत."

सासूबाई मायला म्हणाल्या, "तुमच्या पोरीनं आपल्या दोघींची सुटी करून टाकली. आता लेकरू न्हाऊ घालाले पण सिस्टरले इचारा." दोघी हसल्या. मायचे हसणे ऐकून मी स्वयंपाकघरात एकटीच हसले.

१६ नोव्हेंबर, रविवार

ठरले. माझे ठरले.

दुपारी दुकानात गेले, रूहीला कडेवर घेऊन. ध. तांब्याची तार गुंडाळत होते. तोंडपाठ करून नेले होते ते सगळे विसरले, सरळच बोलले. "मी हिला सुईला नेणार आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी नेणार. पण तुम्हाला न सांगता नेणार नाही, म्हणून आले."

तार गुंडाळतच राहिले. "कधी?"

दिवस सांगितला.

"बुधवारी गर्दी असते दुकानात."

हे हो की नाही, मला कळले नाही. विचारलेही नाही. रूहीने टेबलावरचा टेस्टर उचलला, त्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि बदल्यात तारेचे रिकामे रीळ दिले. मी निघाले. पायरी उतरले तेव्हा मागून आवाज आला.

"सुई कोणत्या मांडीत देते?"

"एक दंडात. एक मांडीत. मी उजव्या मांडीत द्यायला सांगणार आहे."

पुन्हा तारेचा आवाज.

घरी येऊन मायला सांगितले. तिने तेलाची बाटली उचलून वरच्या फळीवर ठेवली, पाटावर चढून, खालून तिचाच हात पोचणार नाही इतकी वर, आणि म्हणाली, "सुई झाल्यावर मागितली तरी देऊ नको मले."

रूहीचा सैल फ्रॉक धुवून वाळत टाकला आहे. ध. येतील की नाही, माहीत नाही. खोटा अंदाज लिहीत नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर. अंगणवाडी उघडते तेव्हा मी रूहीला घेऊन दारात असेन.