एस. दीक्षाचं एक मिनिट

२८ एप्रिल, सोमवार

सत्तर सेकंद! दहा जास्त. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काचीगुड्याला मराठी मंडळाचा व्यवसाय मेळावा असतो, या रविवारी मी बोलणार. प्रत्येकाला एक मिनिट, मग घंटा. अर्ध्या वाक्यात वाजली तर शोभाच व्हायची.

अमरदीप याला 'पिच' म्हणतो. धाकटा भाऊ, पण शिकवतो असं की जसा माझा साहेब. "ताई, लिफ्टमध्ये मोठा माणूस भेटला तर त्याचा मजला यायच्या आत आपलं काम सांगता आलं पाहिजे." बाबा म्हणाले, "आपल्या बिल्डिंगला लिफ्ट कुठाय?"

त्यानं लिहून दिलंय — 'आम्ही रुग्णकेंद्रित सर्वसमावेशक सहाय्य सेवा पुरवतो.' बाबांना वाचून दाखवलं. "बरं. पण तू करतीस काय?"

३० एप्रिल

बाबांचं बरोबर आहे. काय करते मी? साधं लिहून बघते.

नांदेड-परभणीकडचे लोक इलाजाला हैदराबादला येतात. काचीगुडा स्टेशनला उतरतात. हॉस्पिटलात फॉर्म इंग्रजीत, सिस्टर तेलुगूत, डॉक्टर घाईत. बारा वर्षं रिसेप्शनच्या काचेआडून मी त्यांचे चेहरे बघितले. "काय म्हणले वो डॉक्टर?" मलाच विचारायचे, आणि मागं पन्नास जणांची लाइन! म्हणून फेब्रुवारीत बिनपगारी रजा टाकली आणि हे सुरू केलं. पेशंटबरोबर दिवसभर राहायचं.

तीन महिन्यांत पेशंट चार. त्यातले दोन नात्यातले!

हॉस्पिटलचं पत्र आलंय. २ जूनला हजर झाले नाही तर माझी जागा दुसरीला. म्हणजे हातात एक महिना.

४ मे, रविवार

बोलले! अठ्ठावन्न सेकंद. घंटेला हातसुद्धा लावू दिला नाही.

"गाडी काचीगुड्याला थांबते तिथपासून पेशंट परत गाडीत बसेपर्यंत मी त्याच्याबरोबर असते. फॉर्म मी भरते. डॉक्टर काय म्हणाले ते सोप्या शब्दांत सांगते, आणि दोनदा सांगते. गावाकडून तुमचं कुणी येणार असेल तर माझा नंबर द्या." एवढंच. टाळ्या चांगल्या पडल्या.

नंतर आबासाहेबांना गाठलं. मंडळाचे अध्यक्ष. स्टेशनसमोर लॉज आहे त्यांचा, मराठवाड्यातले निम्मे पेशंट तिथंच उतरतात. त्यांनी मनावर घेतलं तर माझी गाडी चालली! कार्डांचा गठ्ठा दिला, तर वरचं कार्ड बघून म्हणाले, "एस. दीक्षा. एस म्हणजे?" मी हसले. "इनिशियल हो, शाळेपासून आहे." "बरं, काउंटरवर ठेवतो."

त्यांच्या पत्नी कुसुमताई चहा देत होत्या. कार्ड उलटंपालटं करून बघितलं. "मराठी किती साफ बोलता! तेलुगू ना तुम्ही?" परत हसले. काय सांगणार? मग हळूच म्हणाल्या, "बायकांच्या डॉक्टरकडं पण जाता का?" "सगळीकडं जाते," म्हटलं आणि आबासाहेबांकडं वळले. काम तिकडं होतं.

११ मे

फोन नाही.

१४ मे

एक आला. क्रेडिट कार्डवाला.

२० मे, मंगळवार

राहवेना, लॉजवर गेले. कार्डांचा गठ्ठा काउंटरवर जसाच्या तसा.

बाकावर एकनाथराव म्हणून एक काका बसले होते. मुखेडकडचे, बायकोच्या तपासणीसाठी आलेत. रिकाम्या पोटी यायचं, हे कुणी त्यांना कळेल असं सांगितलंच नाही. दोनदा नाश्ता करून गेले, दोनदा परत पाठवलं. तिसरा दिवस!

"काका, इथं माझं कार्ड होतं की."

"ते व्हय? आमाला वाटलं, तेलुगू बाई हाय. तेलुगू समजंना म्हणूनच तर बसलोय."

मी गारच झाले. उद्या सकाळी मी नेते म्हटलं त्यांना, आणि घरी आले.

इथं आडनावाचं एक अक्षर करून नावाआधी लावतात. एस. दीक्षा, एस. अमरदीप. इथल्यांना त्यात काही वेगळं वाटत नाही. आणि आम्हाला — खरं लिहायचं तर — बरं पडतं. सोनकांबळे म्हटलं की मराठी माणूस लगेच ओळखतो, कोण, गावात कुठल्या बाजूचे. मग बोलणं बदलतं. चहाचा कप बदललेलासुद्धा बघितलाय मी. म्हणून त्या एका अक्षरात मजेत राहिले. आणि मराठीत समजावून सांगते म्हणून धंदा काढला, तर कार्डावर मी मराठी दिसतच नाही! काय म्हणावं या अकलेला.

२१ मे

एकनाथरावांच्या बायकोची तपासणी झाली. अकरापर्यंत मोकळे.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला. "शाळेच्या फॉर्मवर मीच तसं लिहून दिलं होतं. म्हटलं, पोरीला कुणी आडनाव विचारू नये." मग म्हणाले, "रेल्वेच्या कारखान्यात माझ्या बिल्ल्यावर पूर्ण नाव होतं. डबा खायला कुणी जवळ बसायचं, कुणी नाही. पण नाव होतं."

मला रडू आलं. चहा टाकायला उठले.

२५ मे

नव्या कार्डावर पूर्ण नाव टाकते म्हटलं. अमरदीप म्हणतो, नक्को! "कार्डावर 'मराठी बोलते' एवढंच लिही ना. आबासाहेबांचे लोक कोण आहेत, माहीत नाही का तुला? उगं परेशान होशील."

चूक नाही तो. भीती मलाही वाटते. पण मराठी म्हटलं की पुढचा प्रश्न आडनावाचाच. मग काय, परत हसायचं? हसून हसून थकले मी.

कार्डं छापायला टाकली.

१ जून, रविवार

"मी दीक्षा सूर्यभान सोनकांबळे. मूळ गाव बिलोली तालुक्यात. आम्ही बौद्ध. बारा वर्षं हॉस्पिटलच्या काउंटरवर होते." इथपर्यंत आले आणि हॉल एकदम शांत. पुढचं एक वाक्य विसरले. बावन्न सेकंदांत संपलं.

टाळ्या कमी. आबासाहेब म्हणाले, "हं, पुढचे कोण?" नवी कार्डं न बघता खिशात टाकली. कुसुमताईंनी चहा दिला आणि लगेच पुढच्या खुर्चीकडं गेल्या.

मागच्या रांगेत बाबा बसले होते, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. येताना रिक्षात म्हणाले, "चांगलं बोललीस." बस, तेवढंच.

फोन नाही. उद्या नऊची ड्यूटी. युनिफॉर्म काढून ठेवलाय.

२ जून, सोमवार, सकाळी सात

फोन आला. कुसुमताई! घरात ऐकू जाऊ नये म्हणून नळ चालू ठेवून हळू आवाजात बोलत होत्या. "सोनकांबळे बाई, छातीत गाठ आहे. चार महिने झाले. घरात कुणाला बोलले नाही. काल तुम्ही एवढ्या लोकांत सांगून टाकलंत, तर म्हटलं मी एकट्या तुम्हाला तरी सांगावं."

दहाला तारनाक्याच्या स्टॉपवर बोलावलंय. ड्यूटीवर येत नाही, असा मेसेज टाकला.

४ मेलाच विचारलं होतं त्यांनी मला. मी आबासाहेबांकडं वळले होते.