पाणकेवड्याचं बी

आमगाव,
१२ मे २०२५

चि. रुचिकास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कृषी कॉलेजात गेलीस तरी अक्षर कोंबडीच्या पायाचंच! फोनवर मला अर्धंच ऐकू येतं. कागद दोनदा वाचता येतो, म्हणून तू लिहीतच जा.

खत-औषधाशिवाय जुनी धानं पिकवून पाहायची, हा तुझा अभ्यास मला फार आवडला. आजीच्या पाणकेवडा धानाचं बी आहे का, विचारतेस. आहे की! ती गेली त्या साली तिनंच झोडून ठेवलेलं. अकरा वर्षं पितळी डब्यात कडुलिंबाचा पाला घालून जपलंय. तुझ्या बाबानं, हेमेंद्रानं, पहिल्याच वर्षी शेतातल्या बांधीत पेरायला मागितलं होतं. मी म्हटलं, तिच्या हातचं आहे, राहू दे. तो अजून टोमणा मारतो, की बुढा डब्याले लेकरावानी सांभाळून राहिला.

कधीमधी झाकण उघडून वास घेतो. मग चौथीच्या वर्गात धानाची कविता चालीवर म्हणवून घ्यायचो, ते दिवस आठवतात. खिडकीबाहेर हिरवंगार, आत चाळीस पोरं, आणि शेवटच्या कडव्याला सगळ्यांचा सूर वेगळा.

सगळं बी पार्सलनं पाठवलंय. पोचल्याचं लिही, आणि जेवत जा.

तुझे,
आबाजी


अकोला,
६ जून २०२५

ती. आबाजींना रुचिकाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

बी पोचलं, हे लगेच लिहायला हवं होतं. पुढचं लिहायचा धीर होत नव्हता.

शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवले. आठ दिवसांत एकालाही मोड नाही. पुन्हा शंभर ठेवले, पुन्हा तेच. मैत्रिणी म्हणाल्या, मीच फडकं वाळू दिलं असेल. म्हणून तिसऱ्यांदा आमच्या मॅडमनी स्वतः ठेवले, तरी तेच. आबाजी, धानाचं बी घरात दोन-तीन वर्षं जगतं. दर साली पेरलं तरच टिकतं. तुम्हाला बोल लावत नाही. तुम्ही जीव लावून ठेवलंत, ते मला दिसतं.

बियाणं जपणाऱ्यांच्या याद्या पाहिल्या. पाणकेवड्याचं नाव कुठेच नाही. आजीच्या भावाकडे, गोरेगावच्या दुधराम आजोबांकडे अजून असेल का? वीस जूनच्या आत रोपांसाठी परहे टाकायला हवेत. तिथंही नसेल, तर हे धान आता कुठेच नाही.

तब्येत सांभाळा. माझा राग येऊ देऊ नका.

आपली,
रुचिका


आमगाव,
१४ जून २०२५

चि. रुचिकास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस त्या रिकाम्या डब्याकडे पाहवलं नाही. जपलं म्हणजे जगलं, असंच धरून चाललो होतो. उभा जन्म शेताच्या धुऱ्यावरून शाळेत सायकल नेली, चिखलात कधी उतरलो नाही. हेमेंद्रानं तो डबा घासून फळीवर ठेवला. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

परवा एसटीनं गोरेगावला गेलो. पाणकेवडा मुळात दुधरामच्याच घरचा, तुझ्या आजीबरोबर लग्नात आलेला. खाटेवर बसला होता. मला पाहून म्हणाला, की गुरुजी आज वाट चुकले वाटते. पाणकेवड्याचं विचारलं, तर हसायलाच लागला. म्हणाला, त्यानं तीन सालांआधीच पेरणं सोडलं. पोरांले लवकर निघणारं धान पाहिजे, आन् बहिणीच्या घरी बी आहेच, गुरुजी जपून राहिले, मंग फिकर कायले करायची?

वर म्हणाला, बरं झालं तुम्हीच आले. पायलीभर पाठवा. बोडीच्या पाण्याखालची बांधी नांगरून ठेवतो, मरायच्या आधी एक डाव तो भात खाऊ द्या.

रुचिका, मी मान हलवली. पाठवतो म्हणालो. चहा प्यालो, आणि येताना त्यानं बांधून दिलेली लाखोळीची डाळसुद्धा घेतली.

तू अभ्यासाला दुसरं धान घे. माझ्यासाठी थांबू नकोस.

आज त्याच्या मुलाचा, घनश्यामचा, हेमेंद्राच्या फोनवर निरोप आला: बांधी तयार आहे, बी कधी येते? सकाळपासून दुधरामला लिहायला बसतो. 'सप्रेम नमस्कार' एवढं सुरेख अक्षरात होतं, आणि पुढे हात जात नाही. चार कागद तसेच पडलेत.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझे,
आबाजी