बंद खोलीतली रेषा

९ जून
आले एकदाची चेन्नईला. साताऱ्याहून निघताना बाबांनी तोंड पाडलं होतं, पंधरा दिवसांत परत येशील म्हणाले. बघू या. शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी, वेस्ट मांबळममध्ये माडीवरची खोली, तीही एसीसकट. घरमालकीण विशालाक्षीअक्का तंजावरच्या मराठी. त्यांचं मराठी ऐकताना पणजीशी बोलल्यासारखं वाटतं, मधूनच तमिळ. झकास कॉफी पाजली आणि एकच बजावलं, खिडकी पुरती लावू नको, बोटभर फट ठेव, आमच्या घरची रीत आहे. आता एसी लावायचा आणि फट ठेवायची? मी लावून टाकली.

१० जून
मुख्याध्यापिका रंजनीबाईंनी आल्याआल्या कामाला जुंपलं. शाळेने हातात मावेल एवढं सेन्सर यंत्र घेतलंय. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतं. बंद खोलीत कोणी श्वास घेत असलं की पडद्यावरची रेषा चढते, खोली रिकामी असली की उतरते. नोंदी घ्यायच्या पद्धती तीन. वेळेनुसार लावलं तर थोड्या थोड्या वेळाने आपोआप नोंद होते. पातळीनुसार लावलं तर हवा बिघडली की सुरू होतं. बटणानुसार, तर दाबाल तेव्हाच. कुठल्या प्रयोगाला कुठली, ते मुलांसाठी मी ठरवायचंय. यंत्र घरी आणलं. मजा येणार.

१२ जून
वेळेनुसार लावून खोलीत ठेवलं, कुलूप घालून शाळेत गेले. रेषा उतरायला हवी होती. दिवसभर चढत होती. चूक माझीच. ताजी हवा कोणती हे यंत्राला आधी मोकळ्यावर दाखवावं लागतं, मी शहाणीने ते बंद खोलीतच उरकलं होतं. गच्चीवर नेऊन पुन्हा दाखवलं.

१३ जून
तरी चढली. पातळीनुसार लावलं होतं, मी गेल्यावर तासाभरात सुरू झालंय. मी नसते तेव्हा रेषा एका माणसाएवढी, असते तेव्हा दोघांएवढी. अक्कांना विचारलं, माझ्यामागे वर कोण येतं? कोणी नाही म्हणाल्या, त्यांचे गुडघे जिना चढू देत नाहीत. किल्ली माझ्याकडेच. मला भीती वाटतेय. बाबांना सांगितलं नाही, उद्याच बोलावतील.

१५ जून
रविवार. दिवसभर खोलीतच, यंत्र चालू. रेषा एकाएवढीच! गेलं बुवा जे काय होतं ते. जिना चढताना थोडी धाप लागली, उन्हाने असेल. पोटभर जेवले.

१६ जून
खात्रीसाठी बटणानुसार लावलं. दाबल्याशिवाय नोंद होतच नाही. कुलूप घातलं.
दुपारी आले. पडदाभर नोंदी.
अक्कांना खिडकीचं सांगून टाकलं. त्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, वारा लागला तर ते निजून असतं, कोंडलं तर माणसाचा श्वास मागतं. आधीची भाडेकरू सहाना, तिनेही एसीसाठीच लावली होती. तिचं काय झालं विचारलं, तर उठून देवघरात गेल्या.

१७ जून
खिडकी सताड उघडी. उपयोग नाही. बॅग भरली, उचलवेना. मी, अजिंक्यतारा न थांबता चढणारी —
रविवारी खोलीत मी होते. रेषा एकाचीच होती. ते गेलं नव्हतंच. मग त्यात माझा श्वास —

१८ जून
दुपार. यंत्राला तोंड लावून फुंकर मारली. रेषा हलली नाही. पुन्हा मारली. नाही.
बाबांना फोन केला. न्यायला या म्हटलं. दोनदा म्हटलं. बाबा म्हणाले, बोलत का नाहीस बाळा, नुसते श्वास काय टाकतेस —
ते माझे नव्हते.
यंत्र मांडीवर. बटणानुसार. एका हातात पेन, दुसरा वहीवर —
बटण आत गेलं. रेषा चढली.
पुन्हा गेलं.
मी तोंड उघडतेय, आत काही येत ना