मुदत संपलेले आठ रोल

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनजवळच बाबा बसलेले असतात, म्हणून पत्र लिहितेय.

आजारपणानंतर त्यांचा उजवा हात थरथरतो, ते तुला माहीतच आहे. वर्षभर स्टुडिओ बंद होता. गेल्या महिन्यात पत्र्याच्या कपाटात रंगीत फिल्मचे आठ रोल सापडले, वीस वर्षांपूर्वी मुदत संपलेले. मी लकडाच लावला, तेव्हा कुठे त्यांनी एक रोल कॅमेऱ्यात घातला. गल्लीतल्या शिंप्याचे, माझे, जिन्याचे फोटो काढले. प्रिंट आल्या त्या मातकट. काळ्या भागावर हिरवट झाक, चेहऱ्यांवर वाळू पसरल्यासारखे दाणे.

बाबांनी सगळ्या प्रिंट टेबलावर मांडल्या, बराच वेळ पाहिल्या आणि म्हणाले की आपल्याला आता उजेड कळत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर चांगली आहे म्हणून सांगितलं होतं, पण ते मानायला तयार नाहीत. त्यांनी जुने कॅमेरे घेणाऱ्याला बोलावलंय. तो वीस तारखेला येणार. तेव्हापासून जेवणात लक्ष नाही त्यांचं.

निगेटिव्ह सोबत पाठवतेय. तू लॅबमध्ये दिवसभर हेच बघतोस, तर नीट बघ. बाबांची चूक असेल तर तेही स्पष्ट लिही. मला खोटा धीर नको.

तब्येतीला जप. माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.
तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

निगेटिव्ह मिळाल्या. बाबांचीच चूक निघेल अशी धास्ती होती. पण दिव्यावर धरल्या आणि जीव भांड्यात पडला.

दोन फोटोंच्या मधली कोरी पट्टी बघ. तिथे भिंगातून उजेड जातच नाही, तरी ती धुरकट झालीय. म्हणजे फिल्मच थकली आहे. तिथे बाबांचा हातही नाही आणि डोळाही नाही. हे त्यांना दाखव, माझ्या शब्दावर ते विश्वास ठेवणार नाहीत.

जुन्या फिल्मला उजेड कमी जाणवतो. साधारण दर दहा वर्षांमागे दुप्पट उजेड द्यावा लागतो. रोलवर फिल्मचा वेग दोनशे लिहिलाय ना, मग उजेड मोजायचं मीटर पन्नासवर लावा, म्हणजे चौपट उजेड मिळेल. फोटो भर उजेडात काढा, सावलीत रंग हमखास बिघडतात. जास्त उजेड घ्यायचा म्हणजे शटर जास्त वेळ उघडं राहू शकतं, म्हणून कॅमेरा स्टँडवर ठेवा. धुलाई मी नेहमीसारखीच करेन.

आधी एकच दृश्य दोनशे, शंभर, पन्नास असं काढून बघा. रोल धुवायला माझ्याकडे पाठव. आणि त्या कॅमेरेवाल्याला काहीतरी सबब सांग. लहानपणी माझ्या नावावर इतक्या खपवल्यास, आणखी एक.

बाबांना नमस्कार. कान धरायचा हक्क तुझ्याकडेच ठेव.
तुझा धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, चालवून घे. ताई लिहून देते म्हणाली, मी नको म्हटलं.

तुझं पत्र तिने पुढ्यात ठेवलं. कोरी पट्टी मी भिंगाखाली तीनदा पाहिली. चाळीस वर्षं हे काम केलं आणि स्वतःची निगेटिव्ह तपासायची सोडून प्रिंट बघून रडत बसलो. कॅमेरेवाल्याला मीच नाही म्हणून सांगितलं. सबब लागली नाही.

तू पाठवलेल्या प्रिंट काल मिळाल्या. पन्नासचा फोटो बरा आहे, पण मी पंचवीसवरही काढला होता, तो बघ. लॅबच्या थंड खोलीत बसून तू पत्र्याच्या कपाटातली उष्णता हिशेबात धरली नाहीस. त्या उकाड्यात फिल्म वयापेक्षा जास्त म्हातारी होते. शिंप्याच्या निळ्या सदऱ्याचा निळा जसाच्या तसा आला.

शेवटचा फोटो ताईचा आहे. ती गच्चीवर चादर वाळत घालत होती. इकडे बघ म्हटलं, तर कपाळावरचे केस मागे सारत हसली. भिंगातून पाहताना दिसलं, तिचे केस पिकलेत. वर्षभर मला उठवते, बसवते, भरवते, आणि मी तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. फोटोत चादरीच्या सावलीला अजून हिरवट झाक आहे. चेहरा मात्र अगदी तिचा आहे.

त्याची मोठी प्रिंट करून पाठव. तिला अजून काही बोललो नाही. प्रिंट आली की हातात देईन.

जसा आहेस तसाच आमचा राहा.
बाबा