शेळी आणि जोकरचा भोंगा

औंढे, मंगळवार, संध्याकाळ

शी! तो भोंगा अजून कानातून जात नाही.

तुंगार्लीच्या बंगल्यातल्या मॅडमनी त्यांचा अडगळीतला जुना कॉम्प्युटर आज आमच्या अंगणवाडीला दिला. म्हणे, "आमची मुलं लहानपणी यावरच शिकली." त्यातला खेळ असा, की प्रत्येक प्राण्याला त्याच्या घरी पोचवायचं. चुकलं की लाल नाकाचा जोकर भोंगा वाजवतो आणि पोट धरून हसतो.

चार वर्षांच्या स्वरानं दोन्ही हातांनी माऊस धरून शेळी घरात नेऊन ठेवली. भोंगा वाजला. तिनं पुन्हा तिथंच ठेवली. पुन्हा भोंगा! जोकरला शेळी लांब कुंपणापलीकडच्या गोठ्यात हवी होती.

"बाई, आमची शेळी घरातच निजती. भाईर बिबट्या येतो," स्वरा म्हणाली. काय चुकलं तिचं? मॅडम मात्र खिदळत मोबाईलवर शूटिंग करत होत्या. "सो क्यूट!" त्यांच्यात आणि त्या जोकरमध्ये फरक तो काय? आणि मी? मी त्यांना चहा विचारत होते. माझीच किळस येते मला.

आत्ता स्वराची आई दारात येऊन गेली. "बाई, पोरीला काय शिकिवलं तुमी? शेळीला घरात घेऊच देईना. उंबऱ्यात आडवी पडलीया. म्हनती, जोकर हसंल."

अंधार पडायला लागलाय. उठते. शेळी आत घ्यायचीय, आणि ती स्वराच्याच हातून.