पर्लिताच्या अंगावरचा बारोंग

७ मे
पर्लिता गेली. डोक्यातली शीर फुटली — आम्हा दोघींच्या पार्लरमध्येच, माझ्यासमोर. एका नवरीच्या भुवया अर्ध्या राहिल्या होत्या. त्या नंतर मी पूर्ण केल्या. नवरी रडत होती, पण खुर्चीतून उठली नाही.

८ मे
तिचा भाऊ नेस्तोर मनिलाहून आला. इतक्या वर्षांत एक फोन नाही, आणि आल्या आल्या हुकूम — केस कापा, पुरुषांचा भरतकामाचा सदरा, बारोंग, घाला, शवपेटीवर ‘पेद्रितो’ हे जन्माचं नाव लिहा. गावातल्या मेलेल्यांना सजवायचं काम आम्हा दोघींचं. आता माझं एकटीचं. मला म्हणतो, “जोएल, माझा भाऊ भावासारखा दिसू दे. तुमची सोंगं बाहेर.” मुद्दाम माझं शाळेतलं नाव!

मी म्हटलं, “तुझ्या बापाला शेवटचं सजवलं ते याच सोंगानं.”

“नसेल जमत तर न्हावी बोलावतो.”

न्हावी हात लावणार तिच्या केसांना? मीच कापले. संतापात, एका दमात.

९ मे
आईला सांगितलं. भाताचं भांडं आदळलं तिनं. “माणसं आहेत की कोण! त्यांच्या घरातल्या सगळ्या पोरी पर्लितानेच नटवल्या ना?” पोटभर जेवले. दोन दिवसांनी.

११ मे
जागरणाला अख्खं गाव. पेटीशेजारी पत्ते, बिस्किटं, कॉफी. काचेतून वाकून बघतात आणि म्हणतात, “काय रुबाबदार दिसतोय!” तिची आई, रेमेदिओस मावशी, माझा हात धरून म्हणाली, “माझा मुलगा मला परत दिलास गं.” थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, याचाही राग येतोय.

१२ मे
जागरणाहून थेट घरी येऊ नये, वाटेत कुठेतरी टेकावं — नाहीतर मेलेलं माणूस मागे येतं. सगळे कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानात थांबले. मी नाही. तडक घरी आले, दारही उघडं ठेवलं. ये बाई. त्या घरात काय ठेवलंय तुझं?

१४ मे
पुरलं. क्रुसावर पेद्रितो.

१५ मे
आईला सहज विचारलं, मी मेले तर मला काय घालशील? ती माशाचे खवले काढत होती. मान वर न करता म्हणाली, “तुझ्या बाबांचा बारोंग जपून ठेवलाय की. बसेल तुला. खांदे त्यांच्यावरच गेलेत तुझे.”